उपजीविकेचे अन्य साधन नाही

ज्या मनुष्याने उभा जन्म दुसऱ्यांची गाऱ्हाणी कागदावर मांडण्यात घालविला, त्याला स्वतःविषयी लिहिताना प्रारंभ कोठून करावा हे उमगत नाही. अर्जात ते सोपे असते. वर हुजुरांचा हुद्दा, खाली अर्जदाराचे नाव, मध्ये विनंती. येथे हुजूर कोणी नाहीत. म्हणून ज्या दिवशी मला प्रथम भय वाटले, त्या दिवसापासूनच प्रारंभ करतो.

मालगुजारी, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांचा अंमल, जाऊन दोन-तीन वर्षे लोटली होती. चांदा जिल्ह्याच्या जंगलभागातील आमच्या तहशिलीच्या गावी, कचेरीच्या आवारात, चिंचेखाली माझी बैठक असे. गुडघ्याएवढे मेज, दौत, टाक, टीपकागद आणि लाकडी पेटीत जपून ठेवलेली, अर्ज लिहिण्याच्या परवान्याची सरकारी सनद. कचेरीपुढे बसणारे आम्ही तिघे अर्जनवीस होतो, आणि त्यांत वयाने व अनुभवाने थोरला मी होतो. हे मी सांगितले नसते तरी लोकांनी सांगितले असते. आलापल्लीकडून लाकडाच्या गाडीवर बसून येणारा मनुष्यसुद्धा चिंचेखाली येऊन माझीच चौकशी करी.

दिवाळी नुकतीच झाली होती. कचेरीचा शिपाई माझ्याजवळ बिडी ओढावयास येत असे, तसा तो आला. पण बिडी न पेटविता उभा राहिला.

"मुन्शीजी, तुमच्या बाईच्या अर्जावर चौकशी लागली."

"लागणारच. झाडे पाहावयास कोणी तरी जाईलच."

"झाडाची नाई," तो म्हणाला. "तुमची."

माझ्या हातातील टाक खाली ठेवला गेला तो त्या दिवशी पुन्हा उचलला गेला नाही.

अर्ज माझ्या पत्नीचा होता. तिच्या वडिलांनी लग्नात तिला दोन मोहाची झाडे आंदण दिली होती. आमच्या भागास परक्या मनुष्यास हे नवल वाटेल. परंतु जंगलाकडेच्या गावांत लेकीला गाय देतात तसे झाडही देतात. झाड जागेवरच राहते. फुलांचा हंगाम आला की लेक माहेरी येते आणि आपल्या झाडाखालचा मोह वेचून नेते. मालगुजाराच्या काळी यास कोणी हरकत घेतली नाही. मालगुजारी गेली तशी झाडे सरकारजमा झाली, आणि ज्यांचा वहिवाटीचा हक्क असेल त्यांनी अर्ज करावा, असे दवंडीने कळविण्यात आले. पत्नी म्हणाली, "माह्या झाडाचं लिहून द्या." मी माझ्या उत्तम अक्षरात लिहून दिले.

त्या अर्जात मी एक वाक्य घातले. ते वाक्य मी आजवर शेकडो अर्जांत घातले आहे. माझ्या गुरूने ते मला शिकविले, त्याच्या गुरूने त्याला. "अर्जदारास उपजीविकेचे अन्य साधन नाही." बाईमाणूस असेल तर त्यापुढे असे जोडावयाचे की तिच्या पतीच्या कमाईवर संसार चालत नाही. हे कोणी खरे मानीत नाही आणि कोणी खोटेही मानीत नाही. पत्राच्या आरंभी नमस्कार असतो तसे ते असते.

परंतु नियमाप्रमाणे अर्जाच्या खाली लेखकाने आपले नाव, सनदेचा क्रमांक आणि घेतलेली फी लिहावी लागते. मी माझे नाव लिहिले. फीच्या जागी 'काही नाही' असे लिहिले. आणि वर, अर्जदारिणीच्या नावापुढे, रीतीप्रमाणे पतीचे नाव होतेच. एकाच कागदावर, एकाच हाताने, एकच नाव दोनदा. शेजारच्या अर्जनवीसाकडून लिहवून घ्यावे हे मला सुचले नाही, कारण माझ्या घरचा अर्ज दुसऱ्याच्या अक्षरात जावा हे मला सोसले नसते.

नवे तहसीलदार नागपूरकडून आलेले, तरुण होते. ते प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात अशी वदंता होती. वदंता खरी निघाली. त्यांनी समासात लिहिले होते ते शिपायाने मला सांगितले: पतीच्या कमाईवर संसार चालत नाही असे लिहिणारा लेखक हाच पती दिसतो, घरी जाऊन उत्पन्नाची चौकशी व्हावी, विधान असत्य आढळल्यास सनदेचा विचार व्हावा.

सनदेचे नूतनीकरण पौषात होते. मी पुष्कळ अर्जनवीसांच्या सनदा जाताना पाहिल्या आहेत. सनद गेलेला मनुष्य काही दिवस सवयीने चिंचेखाली येतो, झाडाच्या मुळावर बसतो, आणि मग येईनासा होतो. एक जण पुढे बाजारात चुना विकताना मला दिसला. मी दुसऱ्या गल्लीने गेलो होतो.

आता येथे मला मागे जाणे प्राप्त आहे, कारण ते वाक्य असत्य आहे अशी माझी त्या वेळी पक्की खात्री होती, आणि माझ्या भयाचे मूळ तेथे होते.

लग्न झाले तेव्हा मी विशीच्या आत होतो. मराठी चवथी उत्तीर्ण होऊन पाचवीत असताना वडील वारले आणि शाळा सुटली. परंतु माझे अक्षर पाहून एका वृद्ध अर्जनवीसाने मला जवळ बसवून घेतले. तो मला पैसे देत नसे, विद्या देत असे. त्या वर्षांत आम्हा दोघांच्या घरात जे येई ते पत्नीच्या माहेराहून येई. सुगीनंतर धान, चैत्राअखेर वाळल्या मोहाच्या टोपल्या. मोह भाजून, कुटून, उकडून आम्ही खाल्ला. श्रावणात तर कित्येकदा दुसरे काही नसे. मी यास उत्पन्न म्हणत नव्हतो. ती सासऱ्याची माया होती. उत्पन्न म्हणजे नाणे, आणि नाणे मी आज ना उद्या आणणारच होतो.

पुढे सनद मिळाली आणि नाणे येऊ लागले. प्रथम थोडे, मग बरे, आणि मालगुजारी जाण्याच्या सुमारास तर असे की चिंचेखाली माझ्यापुढे माणसांची ओळ बसे. ज्याच्याजवळ जमीन होती तो घाबरला होता, ज्याच्याजवळ नव्हती तोही घाबरला होता, आणि घाबरलेला मनुष्य अर्ज करतो. त्यांच्या भयावर माझे घर चालले असे मी म्हटले तर ते कठोर वाटेल, पण ते तसेच होते. मी काळा कोट शिवला. घरात पितळेची परात आली, पत्नीच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या. आणि मी तिला बजावले की सनदी अर्जनवीसाच्या पत्नीने टोपली घेऊन मोह वेचावयास जाणे आता शोभत नाही.

शोभेचे कारण मी पुढे केले, परंतु खरे कारण निराळे होते. मला अस्वलाचे भय वाटे. मोहाची फुले पहाटे गळतात, आणि ती खाण्यास अस्वल त्याच वेळी येते. वेचणारी बाई खाली वाकलेली असते. ते सरळ तोंडावर येते. अशा एका बाईच्या मदतीचा अर्ज मी लिहिला आहे. ती पदर बाजूस करीना. तिचे शब्द मी पदराआडून ऐकून लिहिले, आणि एकदा वाऱ्याने पदर हलला तेव्हा जे दिसले ते मी अर्जात घातले नाही.

पत्नीला मी हे सांगितले. ती हसली.

"माय असते ना संगं. एकीनं येचाचं, एकीनं डबा वाजवाचा. डबा वाजून राह्यला का अस्वल येत नाई."

"आणि आलेच तर?"

"तं तुमी अर्ज लिहा त्याच्यावर."

ती ऐकल्यासारखे करी आणि फाल्गुन लागला की आईला भेटावयास म्हणून माहेरी जाई. परतताना बैलगाडीत टोपल्या असत. मी त्यांविषयी विचारीत नसे. माझ्या घरात नाणे होते. टोपल्या कोपऱ्यात ठेवण्यापुरती जागाही होती.

मग ते दिवस ओसरले. हे एकाएकी झाले नाही, म्हणून ते मला झाले असे वाटले नाही. कचेरीच्या पलीकडे एका छपरात टाइपरायटर आला. सातवी झालेली गावोगावची मुले आपल्या काकाचा अर्ज स्वतःच लिहू लागली. छापील नमुने निघाले. त्यांत फक्त नाव भरावयाचे. आणि माझी दृष्टी अशी झाली की दुपारनंतर ओळी एकमेकींत शिरत. मी चष्मा लावला, परंतु लोकांनी तो पाहिला, आणि चष्म्याचा अर्जनवीस म्हणजे जुना अर्जनवीस. माझ्यापुढची ओळ आखूड झाली. काही दिवस तर मी कोरा कागद पुढे घेऊन काही तरी लिहीत बसे, रिकामा दिसू नये म्हणून. तरी संध्याकाळी घरी गेलो की पान पूर्वीसारखेच वाढलेले असे. भात तोच, वरण तेच, वर तेलाची धार तीच. म्हणून माझी घसरण चिंचेखालीच राहिली आहे, घरापर्यंत आलेली नाही, अशी माझी समजूत होती. सनदी अर्जनवीसाचे घर त्याच्या कमाईवर चालते, यात विचार करण्यासारखे काय होते?

तेव्हा माझ्यापुढचा पेच असा होता. चौकशीत माझी कमाई सिद्ध झाली की विधान खोटे, सनद गेली, आणि झाडेही गेली. सनद वाचवावयाची तर मी कमवीत नाही हे सिद्ध करणे भाग. आणि तशी साक्ष द्यावयाची होती पत्नीने, जिला अर्जात काय आहे हे ठाऊक नव्हते. अंगठा घेण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचून दाखविण्याची आमच्या धंद्यात रीत नाही. तात्पर्य सांगतात. तिलाही मी तात्पर्यच सांगितले होते, की झाडे तुझ्या नावे व्हावीत.

चौकशीची वाट पाहण्याचे ते दिवस मी कसे काढले हे लिहिणे कठीण आहे. कोतवाल रस्त्याने दिसला की मी वाट बदलीत असे. पटवाऱ्याने सहज हाक मारली तरी मी पेटीतील सनद चाचपून पाही. पलीकडचा अर्जनवीस, जो एके काळी माझ्याकडून मायने उतरवून घेत असे, तो मोठ्याने म्हणाला, "काऊन मुन्शीजी, लोकायले भिकारी लिहू लिहू सोताचाच नंबर लावला का?" लोक हसले. मीही हसलो. 

पत्नीस पढविणे आवश्यक होते. साक्षीदार पढविणे हे माझे नित्याचे काम. उलटतपासणीत डगमगणार नाही असा साक्षीदार मी घटकेत तयार करीत असे. तरी त्या सायंकाळी जेवावयास बसलो असता मी आडूनच प्रारंभ केला.

"रेव्हिन्यू इन्स्पेक्टर साहेब घरी येणार आहेत."

"येऊ द्या ना."

"झाडांविषयी विचारतील. घराविषयीही विचारतील. काय येते, कशावर चालते."

"मंग?"

"तर तू... नीट सांग."

"मी का येडी हाव? का सांगाचं ते मले मालूम हाय." तिने भाताचे भांडे पुढे सरकविले. "जेवा तुमी. थंडा होऊन राह्यला. आन असे काऊन भेऊन राह्यले? साहेबच येऊन राह्यला, अस्वल तं नाई."

तिला मालूम आहे, या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले. मला वाटले, बायकांना सर्व समजते. तिला हेही समजले असावे.

इन्स्पेक्टर पौषातल्या एका सकाळी आले. बरोबर पटवारी, कोतवाल आणि शिपाई. आणि आमंत्रण नसता अर्धी गल्ली. मी काळा कोट घातला होता. शिपाई कानाशी लागून म्हणाला, "कोट काढा मुन्शीजी. कोट घालून गरीब कसे दिसान?" मी कोट काढला. आतली बंडी खांद्यावर विरलेली होती. ती लोकांपुढे दिसताच मी कोट पुन्हा चढविला. इन्स्पेक्टरांनी हे पाहिले. ते खाटेवर बसले, गुडघ्यावर कागद ठेवला, आणि दाराच्या चौकटीशी पदर ओढून उभ्या असलेल्या माझ्या पत्नीला म्हणाले, "बाई, भ्याचं काई काम नाई. खरं सांगाचं. हे घर कोनाच्या कमाईवर चालते?"

"कोनाच्या म्हंजे?" ती म्हणाली. "मुन्शीजीच्या."

मी डोळे मिटले.

"अख्खी तहशील येते साहेब त्यायच्याकडं. सनद हाय त्यायची सरकारची. आमाले कायचीच कमी नाई. परात पाहा, कोट पाहा. लेकीचं लगन असं केलं का पाहुन्यायनं नाव काढलं."

ती थांबेना. माझ्या धंद्याचे एवढे वर्णन मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते मला किती गोड वाटले असते! तिला ठाऊक होते म्हणजे हे ठाऊक होते: परका साहेब दारात बसून विचारू लागला की आपल्या माणसाला उणे पडू द्यावयाचे नाही.

"मंग झाडं कायले पायजेत तुमाले?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"माह्या बापानं देल्ली म्हनून."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. त्यांच्या ओठांवर हसू होते. "मुन्शीजी, बाई तं सांगून राह्यली का तुमी राजा हाव. आन तुमी लिवलं का भिकारी. आता मी कोनाचं लिहू?"

गल्ली हसली. त्यांचा टाक कागदावर टेकला. त्या टाकाच्या टोकाकडे मी पाहत होतो, आणि मला बाजारातील चुन्याची पाटी दिसत होती. मी घरीसुद्धा शुद्ध भाषेत बोलत आलो आहे. त्या क्षणी ती भाषा माझ्याजवळ नव्हती.

"साहेब, इचं ऐकू नका," मी म्हणालो. "ही झाकून राह्यली मले. मी कमवून नाई राह्यलो. इच्याच मोहावर जगून राह्यलो."

"अवो!" पत्नी म्हणाली. "का बोलून राह्यले? बिमार हाव का तुमी?"

"तोंडी नको," इन्स्पेक्टर म्हणाले. "घर दाखवा."

मी उठलो. येथवर मी अर्जनवीस होतो; सनद वाचविण्यासाठी एक पक्ष मांडीत होतो, आणि पक्ष मांडणे मला येते. मी त्यांना धान्याच्या ढोलीशी नेले आणि कचेरीच्या आवाजात म्हणालो, की साहेब, हे धान माझ्या पैशाचे नाही. कोणत्या पैशाचे, असे त्यांनी विचारले. मी पत्नीकडे पाहिले.

"रोवन्याले गेलती ना मी," ती पुटपुटली. "आन कापनीले. त्याचं."

मी तेलाच्या गाडग्यावर हात ठेवला. ते तेल मोहाच्या बियांचे होते. तिनेच घाण्यावरून काढून आणलेले. मीठ? चारोळी देऊन घेतलेले. माझ्या अंगावरील धोतर? वाळला मोह व्यापाऱ्याला घातला तेव्हाचे. मी एकेका वस्तूवर हात ठेवीत गेलो आणि पत्नी पदराआडून सांगत गेली, प्रथम नाइलाजाने, मग थोडी चिडून, कारण मी थांबत नव्हतो. मला काही तरी माझे सापडावयास हवे होते. मी चुलीमागे पाहिले, शिंके पाहिले, कोपऱ्यातील टोपली उघडली. पितळेची परात माझी होती, पण ती जुन्या दिवसांतली. पाटल्या कोठे आहेत असे मी तिला विचारले, आणि विचारताक्षणी तिचे रिकामे मनगट मला दिसले. लेकीच्या लग्नात त्या गेल्या होत्या हे मला तेव्हा उमजले. माझ्याने पुढे विचारवले नाही.

तोवर मला सनदेचे भय होते. ढोलीशी परत आलो तेव्हा ते भय गेले होते, आणि त्याच्या जागी जे आले त्यास मला नाव देता येत नाही. मी खोटे सिद्ध करावयास निघालो होतो आणि ते खरे निघाले होते. ज्या घरात मी रोज पाटावर बसून भातावर तेल थोडे कमी पडले असे म्हणत असे, त्या घरात दौत आणि टाक सोडल्यास माझ्या चालू मिळकतीचे काहीच नव्हते.  हे इतकी वर्षे असेच असेल, आणि ती एखाद्या फाल्गुनात परत आली नसती, तर काय झाले असते, एवढाच विचार डोक्यात घुमू लागला.

इन्स्पेक्टर हसेनासे झाले होते. त्यांनी जबाब लिहिला आणि म्हणाले की बाई निरक्षर आहेत, तेव्हा जबाब व मूळ अर्ज दोन्ही पूर्ण वाचून दाखविल्यावाचून अंगठा घेता येणार नाही. "वाचा मुन्शीजी. अक्षर तुमचंच हाय."

मी वाचले. इतकी वर्षे अर्ज लिहिले, परंतु माझा अर्ज मोठ्याने वाचला जाताना ऐकणाऱ्याचे तोंड कसे होते हे मी प्रथमच पाहिले. पतीच्या कमाईवर संसार चालत नाही, येथवर आलो तेव्हा तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिला त्याचे भान नव्हते.

"हे तुमी लिवलं?"

"ती रीत आहे. सर्वांच्याच अर्जात असते."

"सगळ्यायच्या नवऱ्याचं लिहा. माह्या नवऱ्याचं काऊन लिवलं?" तिचा आवाज चढला. "मी नाई देत अंगठा. लेकीच्या सासरी कानावर गेलं तं? तुमी लिवलं ना, तुमीच द्या अंगठा."

कोणी हसले नाही. मी शाईच्या गादीची डबी तिच्यापुढे धरली होती. माझा हात इतका कापत होता की डबी टणटण वाजत होती. तिने डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असे ती म्हणाली, "सनद जाईन का?"

"जाईल."

तिने माझे मनगट एका हाताने धरून डबी स्थिर केली आणि अंगठा शाईत टेकविला. कागदावर उठवून झाल्यावर इन्स्पेक्टरांना म्हणाली, "हे कागदातच ठेवा साहेब. गावात नोका सांगू."

शेजारची म्हातारी, जी भिंतीला टेकून सर्व ऐकत होती, ती म्हणाली, "सांगाचं का हाय त्यात बाई? सगळ्यायले मालूम हाय."

हुकूम महिन्याभरात आला. झाडे तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहावीत, असा. माझी सनदही नवी होऊन आली. शिपायाने पेढे मागितले. पलीकडचा अर्जनवीस म्हणाला, नशीब काढलं मुन्शीजी. मी सनद पेटीत ठेवली आणि चिंचेखाली बसलो. भय गेले असेल असे मला वाटले होते.

फाल्गुन लागला. एके दिवशी पत्नी अंगणात जुना रॉकेलचा डबा ठोकून सरळ करताना मला दिसली.

"डबा तर आई वाजवीत असत," मी म्हणालो. सासूबाई गेल्या फाल्गुनाच्या आधीच वारल्या होत्या. त्यांच्या तेराव्याला मी कोट घालून गेलो होतो. "मग गेल्या साली कोणी वाजविला?"

"कोनी नाई. एका हातानं येचला, एका हातानं वाजवला." ती डबा ठोकीतच राहिली. "दोन्ही काम संगं होत नाईत. घटकाभर वाजवाचा, घटकाभर येचाचा."

मला तो पदर आठवला, वाऱ्याने हललेला.

कचेरीस सुटीचा अर्ज करण्याची मला गरज नव्हती. माझी जागा रिकामी राहिल्याने कोणाचे अडत नव्हते. आम्ही तिच्या माहेरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्याच्या सुमारास झाडांखाली होतो. खालचा पालापाचोळा तिने आदल्या सायंकाळीच जाळून ठेवला होता. काळ्या जमिनीवर फुले गळत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक आवाज मला पावलाचा वाटत होता. ती वाकली आणि वेचू लागली. मी डबा वाजवू लागलो. माझे हात टाक धरण्याचे. थोड्याच वेळात मनगटे भरून आली आणि काठी निसटू लागली.

"तोंडानं बोला," ती वर न पाहता म्हणाली. "आवाजालेबी भेतेच अस्वल. मोठ्यानं बोला. तुमाले तं येते."

"काय बोलू?"

"अर्ज म्हना."

तेव्हा मी त्या अंधुक उजेडात, काळा कोट घालून, जंगलाकडे तोंड करून म्हणू लागलो: मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे हुजुरात, अर्जदारीण सविनय निवेदन करिते की. उजवीकडच्या झुडपात काही तरी हलले. मी मध्येच थांबलो. तिचे हातही थांबले. ती वाकलेलीच होती, तोंड जमिनीकडे, आणि तिच्यात आणि झुडपात मी सोडून दुसरे काही नव्हते.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

मी डबा छातीशी धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा प्रारंभ केला.